जुन्या यंत्राला नवे डोके
(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्ण महोत्सवाच्या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान एका शाळामास्तराला द्यावा, ही या न्यासाची थोरवी आहे. आम्ही गणित आणि विज्ञान शिकवणारे. साहित्याच्या किंवा इतिहासाच्या व्यासपीठावर आमचा अधिकार नाही. म्हणून जे स्वतः पाहिले, ज्यात आमचे हात काळे झाले आणि ज्यात आमच्या चुकाही झाल्या, तेवढेच सांगावे असे ठरवले आहे. विषय ऐकून काहींना नवल वाटेल. लोखंडी पत्रा कापणाऱ्या एका जुन्या यंत्राचा आज आम्ही जीर्णोद्धार सांगणार आहोत.

आज सभागृहात येताना उत्तरेकडील खिडक्यांना बसवलेल्या षट्कोनी नक्षीच्या लोखंडी जाळ्या आपण पाहिल्या असतील. त्या वेळेवर बसतील की नाही, याची चार महिन्यांपूर्वी कोणालाच खात्री नव्हती. ज्या कारखान्याने त्या करून देण्याचा शब्द दिला होता, तेथील यंत्र ऐन पावसाळ्यात बंद पडले. त्या कारखान्याचा मालक आमचा जुना विद्यार्थी. सात माणसांचे पोट त्या एका यंत्रावर अवलंबून होते. तो एका संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, "सर, भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला आहे. उद्या उत्तर द्यायचे आहे. तुम्ही एकदा पाहाल का?"

हे यंत्र काय करते ते प्रथम सांगितले पाहिजे. विजेची ठिणगी हवेच्या जोरदार झोतातून बारीक छिद्राच्या तांब्याच्या नोझलमधून नेली, की तो झोत सुमारे वीस हजार अंशांपर्यंत तापतो. वायूच्या या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. त्याच्यापुढे लोखंड टिकत नाही. ते वितळते आणि झोताबरोबर खाली उडून जाते. अमेरिकेत युनियन कार्बाइड कंपनीच्या रॉबर्ट गेज यांना १९५७ साली या रीतीचे पेटंट मिळाले. पुढे हा टॉर्च माणसाच्या हातातून काढून रुळांवर सरकणाऱ्या पुलावर बसवला गेला आणि त्याला कोठे जायचे ते आकड्यांनी सांगण्याची सोय झाली. आकड्यांनी यंत्र हाकण्याची विद्याही त्याच सुमाराची. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९५२ साली असे कातकामाचे यंत्र लोकांना दाखवण्यात आले. पुढे त्यात संगणक आला आणि त्याला सीएनसी असे नाव पडले. आमच्या नववीच्या वर्गात आलेखावर बिंदू मांडताना मुले कंटाळतात. पण हे यंत्र दिवसभर तेच करते : एक अक्ष लांबीचा, एक रुंदीचा, आणि प्रत्येक बिंदूला दोन आकडे.

आता या यंत्राचा दोष सांगतो. त्याचे लोखंडी अंग उत्तम होते. पूल सरळ होता, रूळ झिजलेले नव्हते, मोटरी फिरत होत्या, प्लाझ्माचा वीजपुरवठा नीट होता. गेले होते ते फक्त डोके. नियंत्रकातील एक कार्ड जळाले होते, आणि तसे कार्ड बनणे कित्येक वर्षांपूर्वीच थांबले होते. विक्रेत्याचा सल्ला एकच होता : नवे यंत्र घ्या. मालकाच्या डोक्यावर आधीच एक कर्ज होते.

आपल्या ग्वाल्हेरला ही कथा अगदीच नवी नाही. ज्या छोट्या दोन फुटी रुळांच्या गाडीतून आपल्यापैकी पुष्कळांनी श्योपूरकडे प्रवास केला, ती शंभराहून अधिक वर्षे धावली आणि २०२० साली थांबली. एवढ्या काळात तिचे रूळ तेवढ्याच रुंदीचे राहिले. वाफेचे इंजिन मात्र गेले आणि डिझेलचे आले. ज्याचे अंग शाबूत आहे, त्याचा प्राण बदलता येतो, हे आपल्या गावाने डोळ्यांनी पाहिले आहे. तसेच आपले लष्कर. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी येथे पडली. आमचेही पूर्वज दक्षिणेतून त्याच फौजेबरोबर आले आणि म्हणूनच घरात आजही मराठी बोलली जाते. तंबू गेले, बाजार आला, वाडे आले, आणि नाव मात्र लष्करच राहिले.

परंतु नुसत्या भावनेने यंत्र चालत नाही. आम्ही विद्यार्थ्याला सांगितले, "आधी हाडे तपासू. हाडे मोडकी असतील तर नवे डोके बसवून उपयोग नाही." दोन दिवस आम्ही तेवढेच काम केले. दात्यांची पट्टी आणि तिच्यावर फिरणारे लहान दातेरी चाक यांच्यात किती ढिलाई आहे, ते डायल गेजने मोजले. पूल एका बाजूने ढकलून मग उलट ढकलला आणि काटा किती सरकतो ते लिहून ठेवले. बेअरिंग हाताने फिरवून पाहिले. मोटरींचे एन्कोडर, म्हणजे मोटर किती फिरली हे स्पंद मोजून सांगणारी उपकरणे, ठीक होती. तेव्हा कोठे जीर्णोद्धाराचा निर्णय झाला. हा क्रम आम्ही मुद्दाम सांगतो. रूळ झिजलेले असते, तर भंगारवाल्याला बोलावण्याचा सल्ला आम्हीच दिला असता.

नव्या डोक्यासाठी दोन वाटा होत्या. एक, तयार नियंत्रक विकत घ्यायचा. दुसरी, साधा संगणक घ्यायचा, त्यात कार्ड बसवायचे आणि मुक्त आज्ञावली वापरायची. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेत १९९० च्या दशकात यंत्र हाकण्याची एक आज्ञावली तयार झाली आणि ती लोकांसाठी खुली करण्यात आली. जगभरच्या हौशी आणि जाणत्या माणसांनी ती वाढवली. आज ती लिनक्ससीएनसी या नावाने ओळखली जाते. तिचे मूल्य पडत नाही, आणि आत काय आहे ते कोणालाही उघडून पाहता येते. ज्या कुलपाची किल्ली परक्या हाती होती त्यानेच आम्हांला अडवले होते. म्हणून आम्ही दुसरी वाट धरली. पहिली वाट चूक नव्हे. ज्याच्याजवळ शिकायला वेळ नाही, त्याने तीच धरावी.

मोटरी आणि त्यांचे ड्राइव्ह जुनेच ठेवले. ते उणे दहा ते अधिक दहा व्होल्टचा इशारा ओळखत असत : व्होल्ट वाढला की वेग वाढतो, चिन्ह बदलले की दिशा बदलते. नवे कार्ड तसाच इशारा देणारे निवडले. तारा काढण्यापूर्वी प्रत्येक तारेला क्रमांकाची चिठ्ठी बांधली आणि एका मोठ्या कागदावर नकाशा काढला. हे काम आमची एक माजी विद्यार्थिनी करत होती. ती आता पॉलिटेक्निकमध्ये शिकते. आज तो नकाशा यंत्राच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पाकिटात टांगलेला आहे.

आता आमच्या चुका सांगतो, कारण खरे शिक्षण तेथेच झाले.

पहिली चूक हिशेबाची. जुन्या पुस्तिकेत दातेरी चाकाला २० दाते लिहिले होते. दात्याचे माप, म्हणजे मॉड्यूल, दीड. तेव्हा चाकाच्या एका फेऱ्यात पूल π × १.५ × २० = ९४.२५ मिलिमीटर सरकणार. मधल्या गिअरपेटीत दहास एक हे प्रमाण, म्हणून मोटरच्या एका फेऱ्यात ९.४२ मिलिमीटर. आम्ही फळ्यावर मांडावे तसे मांडून संगणकाला सांगितले. मग एक मीटर चाल असा हुकूम दिला. पूल १०५० मिलिमीटर चालला. आम्ही आज्ञावली चाळत बसलो. कारखान्यातील वयस्कर मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, काही न बोलता खडू घेऊन चाकाजवळ गेले. एका दात्यावर खूण केली आणि मोजू लागले. दाते २१ निघाले. ते चाक पूर्वी कधी तरी बदलले गेले होते. २१ भागिले २० म्हणजे १.०५, आमची सगळी पाच टक्क्यांची चूक तेथे होती. पुस्तकावर विसंबण्याआधी वस्तू मोजावी, हे आम्ही वर्गात वीस वर्षे सांगत आलो आहोत. त्या दिवशी ते आम्हांला चाचांनी शिकवले.

दुसरी गोष्ट काटकोनाची. पूल दोन्ही टोकांना दोन मोटरींनी ओढला जातो. एक टोक पुढे राहिले तर चौकोन तिरपा कापला जातो. टॉर्चच्या जागी पेन बांधून आम्ही एका पत्र्यावर १८०० बाय २४०० मिलिमीटरचा आयत काढला. तेथे एक मुलगा मदतनीस आहे. नववीत गणितात नापास होऊन त्याने शाळा सोडली होती. त्याला आम्ही विचारले, "कर्ण किती यावा?" तो गप्प राहिला. मग आम्ही म्हणालो, "तीन, चार, पाच." त्याने बोटांवर मोजले आणि म्हणाला, "सहाशेने गुणले तर तीन हजार." टेप लावला. एक कर्ण ३००४ आला, दुसरा २९९६. मुलाने आपण होऊन विचारले, "मग सर, पूल किती वाकडा?" आम्ही बसून हिशेब केला. अठराशे मिलिमीटरच्या रुंदीत एक टोक ५ मिलिमीटर पुढे होते. २४०५ आणि २३९५ घेऊन कर्ण काढा, बरोबर ते दोन आकडे येतात. टोक मागे घेतले, पुन्हा आयत काढला, दोन्ही कर्ण तीन हजार. ज्या पायथागोरसाच्या सिद्धांतापायी तो मुलगा शाळेतून गेला होता, त्यानेच त्याला त्या दिवशी कारखान्यात उभे केले. आम्हांस मात्र रात्री झोप लागली नाही. वर्गात हे असे आम्ही त्याला का दिले नाही, हा प्रश्न राहिला.

तिसरी चूक सर्वांत महागात पडली असती. यंत्र नुसते फिरवले तर उत्तम चाले. ज्योत पेटवली की संगणकाचा पडदा गोठून जाई. ज्योत पेटवण्यासाठी क्षणभर अतिशय उच्च वारंवारतेची ठिणगी सोडावी लागते, आणि तिचा गोंगाट तारांमधून शिरतो. आम्ही तारांवर जाळीचे आवरण घातले होते, पण ते दोन्ही टोकांना जमिनीशी जोडले होते. त्यामुळे आवरणातूनच प्रवाह फिरू लागला. चूक आमचीच. आवरण एकाच टोकाला जोडले, यंत्राची सर्व अर्थिंग एका बिंदूवर आणली, तेथून जाड तार थेट जमिनीतील सळईला नेली, आणि इशाऱ्याच्या तारा टॉर्चच्या केबलपासून दूर केल्या. पडदा पुन्हा गोठला नाही.

याच वेळी एक गोष्ट आम्ही कोणाच्याही सल्ल्याची वाट न पाहता केली. आणीबाणीचे लाल बटण संगणकाच्या मर्जीवर ठेवले नाही. ते दाबले की मोटरींचा आणि प्लाझ्माचा पुरवठा थेट तुटतो. संगणक गोठला असला तरी तुटतो. टॉर्चवर दोन-तीनशे व्होल्टपर्यंत दाब असू शकतो आणि पूल माणसाला चेपण्याइतका जड असतो. येथे काटकसर करणे म्हणजे माणसाच्या जिवावर काटकसर करणे होय.

आता उंचीचा प्रश्न. पत्रा कधीच सपाट नसतो. तापला की आणखी वर येतो. टॉर्च जवळ गेला तर आपटतो, लांब गेला तर काप तिरका होतो. त्यासाठी एक सुंदर युक्ती आहे. ठिणगीची लांबी वाढली की तिच्यावरचा व्होल्टही वाढतो. तो शंभर-दीडशेच्या घरात असतो. त्याचा ठराविक लहान अंश करून संगणकाला दाखवतात. व्होल्ट वाढला तर टॉर्च खाली, घटला तर वर. परंतु कोपऱ्यावर पूल हळू होतो, काप रुंदावतो, ठिणगी लांबते, आणि संगणकाला वाटते की टॉर्च वर गेला. तो त्याला खाली लोटतो. आमचा पहिला टॉर्च असाच पत्र्यावर आपटला. तेव्हापासून वेग कमी झाला की उंचीचे नियंत्रण गोठवण्याची आज्ञा घातली आहे.

हे सर्व झाले, तरी यंत्राला कापता येत नव्हते. कोणत्या जाडीला किती ॲम्पिअर, किती वेग, पत्र्याला भोक पाडताना टॉर्च किती वर आणि किती क्षण थांबवायचा, हे सर्व जुन्या नियंत्रकाच्या स्मृतीत होते आणि त्याच्याबरोबर गेले. त्या वेळी आमच्या लक्षात आले की चाचा काही दिवस अबोल आहेत. यंत्राला नवे डोके आले की आपले काय, ही भीती त्यांच्या मनात होती, आणि ती कोणी विचारलीही नव्हती. आमच्या विद्यार्थ्याने त्यांच्याजवळ बसून स्पष्ट सांगितले, "चाचा, हे यंत्र तुमच्याशिवाय आंधळे आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्याच्या पिशवीतून तेलकट झालेली एक वही काढली. पंधरा-वीस वर्षांतील प्रत्येक जाडीचा हिशेब त्यात होता. पॉलिटेक्निकच्या मुलीने ती वही शेजारी ठेवून एकेक आकडा संगणकात भरला आणि त्या तक्त्याला चाचांचे नाव दिले. आता यंत्र चालवताना पडद्यावर ते नाव दिसते.

मग जाळीचे काम. आपण सर्वांनी हजरत मुहम्मद ग़ौस यांच्या मकबऱ्यातील दगडी जाळ्या पाहिल्या आहेत; शेजारीच तानसेनाची समाधी आहे. सोळाव्या शतकातल्या त्या कारागिरांनी एकेक षट्कोन छिन्नीने काढला आणि ऊन व वारा यांना गाळून आत घेतले. न्यासाच्या खिडक्यांची नक्षी आमच्या विद्यार्थ्याने तेथूनच मनात धरली. लोखंडात ती काढताना मात्र यंत्राचे नियम पाळावे लागतात. ज्योत जेवढी जागा खाते तेवढी अर्धी बाजूला सरकून चालावे लागते. वायू फिरत बाहेर येतो, म्हणून चालीच्या उजव्या हाताचा काठ सरळ निघतो. आतली छिद्रे घड्याळाच्या उलट दिशेने आणि बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने कापतात. सर्व छिद्रे आधी, कड शेवटी. नाही तर तुकडा सुटून हलतो. शेजारची छिद्रे लागोपाठ कापली तर पत्रा तापून वाकतो, म्हणून एक येथे, एक तेथे असे क्रम लावले. पहिली जाळी बाहेर आली तेव्हा चाचांनी ती उन्हात धरली. जमिनीवर षट्कोनांची सावली पडली. कोणी फारसे बोलले नाही. सात माणसांच्या चुली पेटत्या राहणार, एवढे सर्वांना कळले होते.

असो. आता न्यासापुढे नम्रपणे एक मागणे मांडतो. पन्नास वर्षे आपण गरीब मुलांच्या फिया भरल्या. आमच्या शाळेतील कित्येक मुले त्यावर शिकली. हे कार्य मोठे आहे. परंतु मदतीचा ओघ पदवीकडे जास्त आणि हाताच्या विद्येकडे कमी गेला, असे आम्हांस वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत यंत्रांची चित्रकला शिकवणारे मास्तर होते. त्यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. फळा आणि ऐरण यांच्यात तेव्हा भिंत नव्हती. आपणच ती पुढे बांधली.

म्हणून तीन गोष्टी. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या मुला-मुलींसाठी काही शिष्यवृत्त्या राखून ठेवाव्यात. डायल गेज, मल्टिमीटर, चांगला टेप अशा मोजमापाच्या वस्तूंची एक पेटी न्यासात ठेवावी. लहान कारखान्यांना ती पुस्तकासारखी वाचायला न्यावी आणि परत करावी. आणि ज्यांच्याजवळ चाचांसारखी वही आहे अशा वृद्ध कारागिरांना वर्षातून चार वेळा येथे बोलावून मुलांसमोर बसवावे, त्यांचे बोल कोणी तरी लिहून घ्यावेत. नियंत्रकाचे कार्ड नवे मिळते. ती वही हरवली तर पुन्हा मिळत नाही.

तो नापास मुलगा आता संध्याकाळी आमच्याकडे येतो. दहावीला बाहेरून बसणार आहे. गणिताची वही उघडली की त्याच्या पहिल्या पानावर एक आयत काढलेला दिसतो, आणि दोन्ही कर्णांवर तीन हजार लिहिलेले असते.

 न्यासाचे पुढील पन्नास वर्षांचे कार्य असेच वाढो, अशी प्रार्थना करून आमचे बोलणे संपवतो.